आक्काचा वाटा

आषाढी अमावास्येला आमच्या घरी अजूनही दिवे पुजतात. माळ्यावरून समया, निरांजने, आजीच्या वेळचा लामणदिवा असे सारे खाली येते, चिंचेने घासले जाते आणि पाटावर मांडले जाते. यंदा दिव्यांचा डबा ओढताना त्याच्याखाली दडपलेली जुनी हिशेबाची वही खाली पडली आणि तिच्यातून दोन कागद निघाले. एक होता शेअरचा दाखला: जाड कागद, कडेने वेलबुट्टी, खाली दोन सह्या आणि मधोमध माझे नाव. दुसरा होता चेक, साडेतीन लाखांचा, गेल्या दिवाळीतल्या पाडव्याच्या तारखेचा. चेक आपल्याकडे तीन महिने चालतो. म्हणजे रथसप्तमीच्या सुमारासच त्याचा जीव गेलेला होता.

“दोन्ही कागद आता सारख्याच किमतीचे,” ही म्हणाली. “रद्दीत घालू का?”

मी नको म्हटले आणि ते पुन्हा वहीत ठेवले. पण दिवे लावून झाल्यावरही मन त्या वहीतच होते. त्या दोन कागदांच्या मध्ये एक प्रश्न वर्षभर चिमटून बसलेला आहे. मला तो सुटलेला नाही. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत पैशाचाच प्रश्न मांडला, तर ते रागावणार नाहीत असे वाटते.

मी कल्याणातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक, आणि वर चित्रकला-शिक्षकाची पदविका. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. त्या विकल्या जातात त्याहून भेट म्हणूनच अधिक जातात. अशा माणसाचा आणि शेअरचा संबंध काय, असे कुणी विचारील. मलाही तो २०१८ सालापर्यंत नव्हता.

२००१ साली आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. फूटपट्टी न घेता तो सरळ रेघ काढीत असे, आणि ती खरोखरच सरळ असे. दिवाळीत आकाशकंदील करून शिक्षकांच्या घरी नेऊन द्यायचा. पुढे तो इंजिनियर झाला, बंगळूरला गेला, मोठ्या पगारावर राहिला आणि २०१७ साली सारे सोडून कल्याणला परत आला. खडकपाड्याच्या बाजूला एक गाळा भाड्याने घेऊन चौघांनी मिळून एक छोटी कंपनी काढली. इंटरनेट वेगाने पोचवायचे, पण तारेवाचून, असे त्यांचे काम होते.

त्याने मला ते समजावून सांगितले ते एका संध्याकाळी, आमच्या गच्चीवर, हातात विजेरी घेऊन. वेगवान इंटरनेट आज घरी येते ते काचेच्या तंतूतून. केसासारख्या बारीक काचेतून प्रकाश धावतो आणि त्याच्या लुकलुकण्यात आपला सारा पत्रव्यवहार, चित्रे, गाणी भरलेली असतात. हा तंतू जमिनीतून न्यायचा तर रस्ता खणायला परवानगी, खांबावरून न्यायचा तर खांबवाल्याची मर्जी, आणि मध्ये खाडी आली की मग विचारूच नका. “पण सर,” तो म्हणाला, “प्रकाशाला काच लागतेच कशाला?” दोन गच्च्यांवर दोन पेट्या बसवायच्या. एकीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा बारीक झोत निघेल तो नेमका दुसरीच्या भिंगावर पडेल. रेडिओलहरींचा सरकार लिलाव करते, तसा या प्रकाशाचा करीत नाही. त्याने विजेरीचा झोत समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर टाकला आणि म्हणाला, “एवढेच. फक्त हे हलता कामा नये.”

ही कल्पना त्याची नव्हती, तसे तो म्हणतही नव्हता. ग्रॅहॅम बेलने १८८० साली सूर्यप्रकाशाच्या झोतावरून माणसाचा आवाज पाठवून दाखवला होता, आणि टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध असे तो मानी. पण ढग आला की आवाज बंद. माझ्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न शंभरावर वर्षांनीही तोच होता. फक्त ढगाच्या जागी कल्याणची हवा होती.

त्याला पैसे हवे होते. बँक देईना, कारण तारण नव्हते. मोठे गुंतवणूकदार आधी चालवून दाखव म्हणत, आणि चालवून दाखवायलाच पैसे नव्हते. म्हणून तो ओळखीच्यांकडे फिरत होता. मी फंडातून दोन लाख काढून दिले.

का दिले, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. विद्यार्थ्याचे कौतुक होते हे खरे. आपण शिकवलेला मुलगा काही नवे करू पाहतो, तेव्हा मास्तराने हात आखडू नये, असेही वाटले. पण एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. त्याच रात्री परीक्षेच्या एका कोऱ्या पुरवणीवर मी गणित मांडले होते: दोन लाखांचे दसपट झाले तर वीस लाख, शंभरपट झाले तर दोन कोटी. दोन कोटींच्या पुढची शून्ये मी जरा गोलसर, सुबक काढली होती. आशेला आणि लोभाला वेगवेगळ्या वह्या नसतात. माझ्या तरी नव्हत्या.

आणि मग आक्का.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवले तिनेच. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर ती पारनाक्याजवळच्या जुन्या घरात एकटीच राहते. त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती वालाचे बिरडे सोलीत बसली होती. मी उत्साहात सारे सांगितले, विजेरीसकट. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “तू किती घातलेस?”

“दोन लाख.”

“माझे दीड आहेत पोस्टात. पुढल्या महिन्यात मुदत संपतेय. तेही घाल.”

“अगं, पण यात बुडण्याचाही संभव असतो.”

“तू घातलेस ना? मग झालं.”

बुडण्याचा संभव असतो, हे वाक्य मी उच्चारले होते, याबद्दल मला काही काळ समाधान वाटत असे. आता वाटत नाही. कारण पाहुण्याला आपण “घर लहान आहे हो आमचं” असे ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात मी ते म्हणालो होतो. पाहुण्याने त्यावर परत फिरावे अशी कुणाचीच इच्छा नसते. पुढे, उगाच कागदपत्रे कशाला वाढवा म्हणून, तिचे दीड लाख मी माझ्याच नावाने भरले. शेअरच्या दाखल्यावर साडेतीन लाखांना माझे नाव आहे. आक्काचे नाव कुठेही नाही.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण बुडणाऱ्या धंद्याच्या हकीगती बहुधा सारख्याच असतात. लाल चौकीजवळच्या एका इमारतीवरून दुर्गाडीच्या पलीकडे, खाडी ओलांडून कोनगावातल्या एका गच्चीवर त्यांनी झोत पोचवला. मी स्वतः पाहायला गेलो होतो. पाहण्यासारखे अर्थात काहीच नव्हते, कारण तो प्रकाश दिसतच नाही. पण पलीकडच्या पोराने फोन करून “आलं, आलं” म्हणून ओरडा केला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आम्हां सगळ्यांना भीती होती पावसाची. आश्चर्य असे की पाऊस त्यामानाने निभावला, आणि दगा दिला तो धुक्याने. पावसाचे थेंब मोठे असतात, धुक्याचे इतके बारीक की ते प्रकाशाला चहूकडे फाकवून टाकतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीवर जे दुधासारखे धुके उतरते, ज्याचे वर्णन मी माझ्या एका कादंबरीत मोठ्या हौसेने दोन पाने भरून केले आहे, त्याने रोज सकाळी साडेनऊपर्यंत कोनगावचे इंटरनेट बंद ठेवले. उन्हाने इमारती तापतात आणि केसभर हलतात, तेवढ्यानेही झोत चुके. कबुतरांचे तर सांगतच नाही.

यावर उपाय होते, आणि ते त्याला माहीतही होते. आपोआप नेम धरणारे भिंग, जास्त शक्तीचे यंत्र, आणि पेट्यांची जाळी, म्हणजे एक वाट बंद तर दुसरीने. प्रत्येक उपायाला पैसे लागत होते. तेवढ्यात २०१९ साली मोठमोठ्या कंपन्यांनी काचेचा तंतू घराघरांत अशा दराने आणला की छोट्याने स्पर्धा करावी असे काही उरले नाही. २०२० साली टाळेबंदी आली, परदेशातून येणारे सुटे भाग अडकले. शाळा फोनवर भरू लागल्या आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले, घरी इंटरनेट नाही म्हणून, चित्रकलेलाच काय गणितालाही दिसेनाशी झाली. त्याच्या यंत्राची गरज सर्वांत जास्त होती ती नेमकी त्याच वर्षी. २०२२ साली त्याने गाळा सोडला.

आणि यातली खरी बोच पुढे आहे. कल्पना खोटी नव्हती. गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘तारा’ नावाच्या प्रकल्पाने २०२१ साली आफ्रिकेत कांगो नदीच्या दोन्ही तीरांवरच्या राजधान्या, ब्राझाव्हिल आणि किन्शासा, अशाच प्रकाशाच्या झोताने जोडून दाखवल्या. मध्ये पाचेक किलोमीटर पाणी. तंतूने जायचे तर चारशे किलोमीटरचा वळसा. वीस दिवसांत त्या झोतावरून सातशे टेराबाइट इतका मजकूर गेला. बातमी वाचून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “हो सर, वाचलं. छान झालं.” त्याला खरोखरच छान वाटत होते असे मला वाटते. मला वाटले नाही.

आमच्या शिक्षकखोलीत गणिताचे एक सहकारी आहेत. ते माझ्यावर हसत. शेअर घ्यायचे तर बाजारात विकता येतील असे घ्यावेत, असे त्यांचे मत. त्यांनी स्वतः २०१७ साली बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सचे शेअर घेतले होते. काचेच्या तंतूवरून मजकूर वाहून नेणारी यंत्रे बनवणारी ही कंपनी २००० साली निघाली, आणि आरंभी तिला हात दिला तो हुबळीच्या गुरुराज देशपांड्यांनी. या देशपांड्यांची अमेरिकेतली सायकॅमोर नेटवर्क्स ही कंपनी १९९९ च्या ऑक्टोबरात बाजारात आली, तेव्हा ३८ डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी १८४ डॉलरांवर गेला, आणि दोन वर्षांच्या आत दहाच्या खाली आला. तेजसचा शेअर लोकांना मिळाला २५७ रुपयांना. २०२० च्या मार्चमध्ये तो चाळिसाच्याही खाली गेला, तेव्हा आमच्या गणितज्ञांनी घाबरून विकून टाकला. पुढच्याच वर्षी टाटांनी ती कंपनी आपल्याकडे घेतली, आणि भाव दिला २५८ रुपये. चार वर्षांत एक रुपया वाढला, असे म्हणता येते. आणि मधल्या काळात माणसे देशोधडीला लागली, असेही म्हणता येते. २०२४ साली तो हजारावर गेला. “मी कंपनीत नव्हतोच हो,” ते एकदा डबा खाताना म्हणाले, “मी भावात होतो.” गणिताच्या माणसाकडून इतके चांगले वाक्य मी प्रथमच ऐकले.

मी मात्र कंपनीत होतो. त्यामुळे प्रश्न मला पडला, त्यांना पडला नाही.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला तो घरी आला. आता पुण्याला नोकरी करतो. फराळ झाला, मुलीची चौकशी झाली, आणि जाताना त्याने खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. आत चेक. त्याच्याकडे अकरा जणांची यादी होती. ओळखीने ज्यांनी पैसे घातले ते अकरा. सातांचे फेडून झाले होते. “सर, तुम्ही आठवे.”

मी म्हटले, “अरे, पण तू काही कर्ज घेतले नव्हतेस. आम्ही शेअर घेतले होते.”

“कायद्याने नाही देणं लागत, सर. ठाऊक आहे.”

“मग? तुझे स्वतःचे किती गेले?”

तो हसला. “पाच वर्षं. आणि आईच्या नावावरचं टिटवाळ्याचं घर.”

चेक ठेवून तो गेला. मी तो भरला नाही. परतही केला नाही. जानेवारीत त्याचा फोन आला, “सर, चेक भरला नाहीत?” मी म्हटले, “भरतो रे, वेळच झाला नाही.” वर्गात मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाचे हे वाक्य आहे.

का भरला नाही, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. कल्याणला आगगाडी आली १८५४ च्या मे महिन्यात. त्या काळी आगगाडी म्हणजे आजच्या इंटरनेटइतकीच नवलाची वस्तू होती, आणि तिच्यातही लोकांनी पैसे घातले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे भांडवल आले विलायतेतून. पण त्या भागधारकांना सरकारने हमी दिलेली होती: दरसाल पाच टक्के नक्की. गाडीने तेवढे मिळवले नाही तर उरलेले हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचे, आणि ते अनेक वर्षे भरावे लागले. तिजोरी कुणाची? सारा भरणाऱ्या कुणब्याची, मिठावरचा कर देणाऱ्याची. कल्याणाहून पुढे बोरघाट फोडताना पटकीने आणि सुरुंगाने हजारो मजूर मेले. लंडनमधल्या त्या गृहस्थाचे पाच टक्के चुकले नाहीत. नफा झाला तर माझा, तोटा झाला तर दुसऱ्याचा, अशी ही भागीदारी. आमच्या गावावरून गेलेला पहिला मोठा लोखंडी रस्ता या तत्त्वावर उभा राहिला आहे.

मी त्या पुरवणीवर दोन कोटी लिहिले होते. ते झाले असते तर त्यातला एक रुपया तरी मी विद्यार्थ्याला परत केला असता का? “बाबा रे, कष्ट तुझे, मला माझे दोन लाख आणि पोस्टाचे व्याज पुरे,” असे म्हटले असते का? वाचकहो, नसते म्हटले. मग तोटा झाल्यावर मुद्दल परत घेण्याचा मला अधिकार काय? सावकार नफ्यात वाटा मागत नाही, म्हणून त्याला मुद्दल मागता येते. भागीदाराने वाटा मागून ठेवलेला असतो. साडेतीन लाखांचा तो चेक भरणे म्हणजे लंडनमधल्या त्या गृहस्थाच्या शेजारी जाऊन बसणे होते.

दुसरीकडे मला तळेगावचा काचकारखाना आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. ज्याने पैसा दिला त्याला शेअरचा दाखला मिळाला नाही, नफ्याचा वाटा मिळाला नाही. देशी काचेची चिमणी घरात लागली आणि काचकाम शिकलेली माणसे तिथून बाहेर पडली, एवढेच काय ते. त्या एक पैसा देणाऱ्याला कुणी परत आणून दिला असता तर त्याचा अपमानच झाला असता. माझे दोन लाख हे असे समजावेत, असे मी अनेक रात्री स्वतःला सांगितले. पण पैसा फंडात पैसा घालणाऱ्याने पुरवणीवर शून्ये काढलेली नसतात. मी त्या माणसाच्या पंगतीलाही बसू शकत नाही.

या विचारातून मी आणखी एका ठिकाणी जाऊन पोचलो. आपण आज जे इंटरनेट वापरतो ते कुणाच्या पैशावर? इंग्लंडपासून जपानपर्यंत समुद्राच्या तळाने घातलेली ‘फ्लॅग’ नावाची काचतंतूची तार १९९७ साली पुरी झाली. ती मुंबईच्या किनाऱ्याला लागते. ती घालायला शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. २००० च्या सुमारास साऱ्या जगात अशा तारांचे वेड लागले, लोकांनी घरे गहाण टाकून त्या कंपन्यांचे शेअर घेतले, आणि २००२ साली त्या एकामागून एक कोसळल्या. फ्लॅगने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दिवाळे जाहीर केले. जुन्या भागधारकांच्या हाती काही राहिले नाही. २००४ च्या आरंभी ती सबंध कंपनी, तारांसकट, रिलायन्सने एकवीस कोटी डॉलरांच्या आत विकत घेतली. माणसे बुडाली, तारा बुडाल्या नाहीत, कारण त्या आधीच समुद्राच्या तळाशी होत्या आणि चांगल्या चालत होत्या. पुढे परदेशी बोलणे स्वस्त झाले, मुलगा अमेरिकेत आणि आई डोंबिवलीत बसून एकमेकांचे तोंड पाहू लागली, त्याला जी अनेक कारणे आहेत त्यांतले एक म्हणजे ही बुडालेली माणसे. ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. आपण रोज त्यांच्या तेलावर आपला दिवा लावतो.

हा विचार सुचला तेव्हा मला फार बरे वाटले. मी लगेच तो हिला ऐकवला. माझे दोन लाखही असेच कुठेतरी कामी आले असतील: त्या चौघा मुलांच्या शिक्षणात, कोनगावच्या त्या पोराच्या “आलं, आलं”मध्ये.

ती कणीक मळीत होती. म्हणाली, “तुमचे दोन लाख गेले असतील त्या कामी. आक्कांचे दीड कोणत्या कामी गेले?”

इथे माझा सारा तत्त्वविचार थांबला. स्वतःच्या नुकसानीला माणूस वाटेल तो अर्थ देऊ शकतो. त्याला त्याग म्हणावे, शिक्षणाची फी म्हणावे, देशसेवा म्हणावे; कुणाची तक्रार नाही. पण दुसऱ्याच्या नुकसानीला परस्पर अर्थ देऊन टाकणे ही कसली नीती? आक्काने झोताचे काही ऐकले नव्हते. ती बिरडे सोलीत होती. तिने विश्वास टाकला तो माझ्यावर, आणि मी तो तिला न विचारता एका खाडीवरच्या धुक्यात नेऊन ठेवला. चेक न भरून मी जी उदारता दाखवली, तिच्यातले दीड लाखांचे औदार्य माझे नव्हतेच.

आणि हिचा दुसरा मुद्दा तर त्याहून बोचरा होता. “नको होते तर तोंडावर नको म्हणायचे. चेक ठेवून घेतलात म्हणजे त्याला वाटणार, सरांनी घेतले. भरला नाहीत म्हणजे पैसे त्याच्या खात्यात तसेच. त्याने ते खर्चायचे की राखून ठेवायचे? वर्षभर त्याला टांगून ठेवलेत आणि म्हणे मोठे मन!”

दिव्याच्या अवसेच्या रात्रीच मी त्याला फोन केला आणि जे जानेवारीत सांगायला हवे होते ते सांगितले. मी भागीदार होतो, मला माझे पैसे परत नकोत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, दहा जणांनी घेतले तर ते लहान आणि तुम्ही नाही घेतले तर तुम्ही मोठे, असं होईल ना? त्या दहांत माझी मावशी आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन आहे. त्यांनी घेतले ते बरोबरच केलं. आणि तुमचे राहिले तर माझी यादी पुरी होत नाही. मोठेपणा तुम्ही घेणार, मग मी काय घ्यायचं?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही. देणे लागत नसलेला माणूस फेडू म्हणतो, ते त्याच्या दृष्टीने त्याच्या नावाची सरळ रेघ काढणे आहे, आणि मी त्याच्या हातातला कागद काढून घेतो आहे, असेही मला कधी कधी वाटते. यंदाच्या दिवाळीला तो नवा चेक घेऊन येणार आहे. मी काय करीन ते मला माहीत नाही. दीड लाखांचे मात्र त्या रात्री ठरले. ते त्याच्याकडून घ्यायचे नाहीत आणि आक्काचे बुडू द्यायचे नाहीत.

नारळी पौर्णिमेला राखी बांधून घ्यायला गेलो. ओवाळून झाल्यावर तबकात पाकीट ठेवले. त्यात दहा हजार होते. आक्काने नेहमीची ओवाळणी समजून उचलले, हाताला जाड लागले म्हणून उघडले आणि माझ्याकडे पाहिले.

“हा पहिला हप्ता,” मी म्हटले आणि मग सारेच सांगितले. झोत, धुके, गाळा, चेक, वही. कंपनी बंद पडल्याचे तिला माहीत होते, चेकचे नव्हते. मी बोलत होतो तोवर तिने एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

“तोच ना तो, आकाशकंदील करून आणायचा?” तिने शेवटी विचारले. “लग्न झालं का त्याचं?”

“झालं. मुलगी आहे एक.”

“मग त्याच्याकडून कशाला घ्यायचे? मी त्याला कुठे दिले होते? मी तुला दिले होते.”

“म्हणूनच देतोय.”

तिने चष्मा लावला, नोटा मोजल्या, पुन्हा पाकिटात घातल्या आणि बोटांवर हिशेब केला. “महिन्याला दहा म्हणजे पंधरा महिने. पुढल्या वर्षी नवरात्रापर्यंत फिटतील.”

“हो.”

“आणि व्याज?”

मला वाटले ती थट्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नव्हती.

“पोस्टात असते तर सात टक्के तरी मिळाले असते,” ती म्हणाली, आणि पाकीट देवघराच्या फळीवर ठेवून नारळीभात वाढायला उठली.